नेटवर्क रांगतंय: आधी पिंग, काउंटर, आयपर्फ की वायरशार्क?

सर्व्हरवरची फाइल उघडायला मिनिटभर लागतं आणि पिंग मात्र एका मिलिसेकंदात परत येतो. "नेटवर्क ठीक आहे" म्हणून इंजिनिअर मोकळा होतो, वापरणारा वैतागतो, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. विंडोजचा पिंग ३२ बाइटांचा आणि सेकंदाला एकच. एवढं किरकोळ पॅकेट (डेटाचा तुकडा) बिघडलेल्या केबलमधूनही बहुतेक वेळा सुखरूप जातं. माइक म्यूस यांनी १९८३ मध्ये लिहिलेला हा प्रोग्रॅम पलीकडचं यंत्र उत्तर देतं का, एवढंच सांगतो. वेगाबद्दल त्याला विचारू नये.

माझ्या मते, स्विच मॅनेज्ड, म्हणजे आत शिरून बघता येणारा, असेल तर पहिला मान पोर्टच्या काउंटरचा, म्हणजे त्या पोर्टवरच्या चुका मोजत राहणाऱ्या आकड्यांचा. सिस्कोच्या स्विचवर 'शो इंटरफेसेस' ही कमांड, लिनक्सवर 'एथटूल'. कुणाचं काम थांबवावं लागत नाही, काही बसवावं लागत नाही. आधी स्पीड आणि डुप्लेक्स बघा (फुल म्हणजे दोन्ही दिशांनी एकाच वेळी, हाफ म्हणजे आळीपाळीने). गिगाबिटचं पोर्ट १०० मेगाबिटवर आलं असेल तर केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या तपासा: १०० ला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात, त्यामुळे क्रिम्पिंगमध्ये, म्हणजे टोकाचा प्लग बसवताना, एक तार सुटली तरी लिंक चालू दिसते. डुप्लेक्सचं दुखणं याहून छुपं. एका टोकाला कुणीतरी हाताने '१०० फुल' बसवलेलं असतं, दुसरं ऑटोवर, म्हणजे समोरच्याशी बोलून ठरवणारं. ऑटोवरच्या टोकाला वेग ओळखता येतो, पण समोरून बोलणीच होत नसल्याने ते नियमाप्रमाणे हाफ डुप्लेक्स धरतं. मग हाफच्या बाजूला लेट कोलिजन (उशिरा झालेल्या टकरा) वाढतात, फुलच्या बाजूला सीआरसी एरर (बिघडून आलेला डेटा). दिवा हिरवा, पिंग झकास, मोठी फाइल टाकली की सगळं गचके खातं. एक लक्षात ठेवा, हे आकडे साठत आलेले असतात. वर्षभरापूर्वीचे एरर बघून केबल बदलू नका. दहा मिनिटांच्या अंतराने दोनदा वाचा आणि वाढ किती झाली ते बघा.

साध्या स्विचवर ही सोय नाही. तिथे आयपर्फ३, दोन मशीनमधला वेग मोजणारा प्रोग्रॅम. दोन्ही टोकांना एकेक मशीन लागतं, पण डिस्क आणि फाइल शेअरिंग बाजूला ठेवून नुसतं नेटवर्क मोजलं जातं. निरोगी गिगाबिटवर टीसीपीला (पोचल्याची पावती घेत पाठवण्याची पद्धत) सेकंदाला ९४० मेगाबिटच्या आसपास मिळतात. ९४ दिसले तर वाटेत कुठेतरी १०० ची लिंक आहे. 'मायनस आर' लावून उलट दिशाही मोजा, कारण एकीकडे चांगला आणि दुसरीकडे बेकार हा निकाल फार बोलका असतो. यूडीपी (पावती न घेता पाठवण्याची पद्धत) लावलं की मुळात १ मेगाबिटच पाठवलं जातं. तो आकडा बघून घाबरू नका, वेग स्वतः द्यावा लागतो. ही चाचणी लिंक भरून टाकते, तेव्हा ऑफिस सुटल्यावरच करा.

येणारं-जाणारं प्रत्येक पॅकेट पकडून दाखवणारं वायरशार्क सगळ्यात ताकदीचं आणि सगळ्यात वेळखाऊ. नुसत्या 'स्लो आहे' या तक्रारीवर ते उघडून बसणं म्हणजे दिवस घालवणं. पण तक्रार 'कनेक्शन तुटतं' किंवा 'जोडलंच जात नाही' अशी असेल तर मी सरळ तिथेच जातो. सिन (जोडणीची विनंती) गेलं आणि काहीच परत आलं नाही तर बहुधा फायरवॉल गिळतंय. लगेच आरएसटी (जोडणीला नकार) आलं तर मशीन आहे, पण त्या पोर्टवर सेवा चालू नसावी. झिरो विंडो ('आता जागा नाही, थांब' असा निरोप) दिसलं तर घेणाऱ्याचं सॉफ्टवेअर डेटा उचलत नाही. नेटवर्कला शिव्या देऊन उपयोग नाही. तिसऱ्याच मशीनवरून पकडायचं तर स्विचवर पोर्ट मिररिंग, म्हणजे एका पोर्टच्या ट्रॅफिकची नक्कल दुसऱ्यावर पाठवण्याची सोय, लागतं. आणि आपल्याच मशीनवरून बाहेर जाणाऱ्या पॅकेटांना चेकसम (डेटा तपासायचा आकडा) चुकीचा दिसला तर सोडून द्या, तो बहुतेक वेळा नेटवर्क कार्ड नंतर भरतं.

लॉगिन होतं पण मोठं पान अडकतं, अशा वेळी मात्र पिंग कामाचा: तुकडे न करण्याची खूण लावून १४७२ बाइट पाठवा. १५०० बाइटांपर्यंतची पॅकेटं नेणाऱ्या वाटेवर ते (वरचे हेडरचे २८ बाइट धरून) जायला हवेत. पीपीपीओईवर (युजरनेम-पासवर्ड देऊन जोडायचं ब्रॉडबँड) साधारण १४६४ लाच थांबतात.

इंटरनेट कंपनीशी वाद असेल तर एमटीआर, म्हणजे वाटेतल्या प्रत्येक हॉपला (राउटरला) पुन्हा पुन्हा चौकशी पाठवणारा प्रोग्रॅम. मधल्या एखाद्या हॉपवर ४० टक्के लॉस (हरवलेली पॅकेटं) आणि शेवटच्या हॉपवर शून्य, असा स्क्रीनशॉट पाठवू नका. तो राउटर तुमच्या चौकशीला उत्तर द्यायला टाळाटाळ करतोय, ट्रॅफिक पुढे नीट जातंय. लॉस त्या हॉपपासून शेवटपर्यंत टिकला तरच तक्रार करा, आणि जमल्यास पलीकडून उलट दिशेचाही एमटीआर जोडा, कारण परतीची वाट वेगळी असू शकते.