एक ग्राफिक्स कार्ड, तीन मॉनिटर: अकरा महिने वापरल्यानंतर

माझ्याकडे एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०७० हे ग्राफिक्स कार्ड येऊन अकरा महिने झाले. एवढ्या काळात कार्ड तेच राहिलं, मॉनिटर मात्र तीन झाले. आधीपासूनचा २४ इंची १०८०पी, मग हौसेनं घेतलेला २७ इंची ४के, आणि शेवटी निमूटपणे घेतलेला २७ इंची १४४०पी (१०८०पी, १४४०पी, ४के ही रिझोल्यूशनची नावं, म्हणजे स्क्रीनवर किती पिक्सेल आहेत त्याची). त्यामुळे हा रिव्ह्यू कार्डाचा नाही, मॉनिटरचाही नाही. दोघांचं जमतं कधी आणि बिनसतं कधी, याचा आहे.

बाकी मशीन साधं आहे: राइझन ५ ५६००, ३२ जीबी रॅम. कार्डाला १२ जीबी मेमरी, मेमरीपर्यंतचा रस्ता (बस) १९२-बिट, कमाल वीज २०० वॉट. घेताना मी सगळीकडे वाचलं होतं की हे '१४४०पीचं कार्ड' आहे. ते मनावर घेतलं नाही, कारण माझा हिशोब वेगळा होता: कार्ड १४४०पीला आरामात चालतं, म्हणजे १०८०पीला उडेल आणि ४केला जरा ओढूनताणून का होईना, चालेल. दोन्ही अंदाज चुकले, आणि दोन्हींची कारणं वेगवेगळी निघाली.

पहिला महिना जुन्या १०८०पी मॉनिटरवर, १४४ हर्ट्झला (म्हणजे चित्र सेकंदाला १४४ वेळा बदलतं). सायबरपंक २०७७ हा गेम लावला, सगळ्या सेटिंग अल्ट्रा, रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा हिशोब करून उजेड-सावल्या दाखवणारं जड तंत्र) बंद. मोकळ्या रस्त्यावर १२० च्या आसपास एफपीएस (सेकंदाला तयार होणाऱ्या फ्रेम), पण बाजारपेठेच्या गर्दीत शिरलो की नव्वदीत घसरण. कोपऱ्यातल्या आकड्यांकडे पाहिलं तर कार्डाचा वापर जेमतेम ७० टक्के. म्हणजे कार्ड रिकामं बसलंय आणि तरी गेम अडखळतोय! सेटिंग अल्ट्रावरून मीडियमवर आणली. गर्दीतला आकडा जवळपास तसाच. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की अडवणारा प्रोसेसर आहे. माणसांची गर्दी, रहदारी, कोण कुठे चाललंय हे सगळं तो ठरवतो, प्रत्येक फ्रेमचं काम तो कार्डाच्या हातात देतो, आणि स्क्रीनवर किती पिक्सेल आहेत याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नसतं.

पुढच्या सगळ्या महिन्यांत मला उपयोगी पडलेली एकच गोष्ट सांगायची तर ती ही: प्रोसेसर फ्रेम मोजतो, कार्ड पिक्सेल मोजतं. १०८०पी म्हणजे १९२० गुणिले १०८०, सुमारे २०.७ लाख पिक्सेल. १४४०पी म्हणजे ३६.९ लाख. ४के म्हणजे ८२.९ लाख, १०८०पीच्या बरोबर चौपट. आता याला एफपीएसनं गुणा. ४केला ६० एफपीएस म्हणजे सेकंदाला सुमारे ४९.८ कोटी पिक्सेल. १०८०पीला २४० एफपीएस म्हणजेही तंतोतंत तेवढेच. १४४०पीला १४४ एफपीएस म्हणजे त्याहून थोडे जास्त, ५३.१ कोटी. कार्डाच्या नजरेनं तिन्ही कामं ढोबळमानानं एकाच वजनाची. प्रोसेसरला मात्र एका ठिकाणी सेकंदाला ६० फ्रेम तयार करायच्या आहेत आणि दुसऱ्या ठिकाणी २४०. माझा प्रोसेसर नव्वदीत दमत असेल तर १०८०पीवर कितीही दणकट कार्ड बसवून उपयोग शून्य.

(हा गुणाकार ढोबळच आहे. सावल्यांचे नकाशे, भूमिती यांसारखं बरंच काम पिक्सेलच्या संख्येवर अवलंबून नसतं, म्हणून चौपट पिक्सेल झाले की एफपीएस बरोबर पाव होत नाहीत, थोडे बरे राहतात.)

हे मला नीट कळेपर्यंत मी दुसऱ्या टोकाला पोचलो होतो. कार्ड रिकामं बसतंय ना, मग त्याला काम देऊ या, असं म्हणून ४के मॉनिटर घेतला. पहिल्याच संध्याकाळी दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे चित्र ६० हर्ट्झच्या वर जाईना. दोष माझ्या जुन्या एचडीएमआय केबलचा होता. ती सेकंदाला १८ गिगाबिटच्या जमान्यातली, तिच्यातून ४के ६० च्या पुढे काही जात नाही. डिस्प्लेपोर्ट लावला आणि १४४ हर्ट्झ मिळाले. दुसरी गोष्ट केबल बदलून सुटणारी नव्हती. सायबरपंक त्याच सेटिंगला चाळिशीच्या आसपास आला. कार्डाचा वापर ९९ टक्के, पंखे पूर्ण जोरात, आणि प्रोसेसर निवांत. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत.

आता ४केबद्दल प्रामाणिक बोलायचं तर दिसायला ते अफाट आहे. २७ इंचांत इंचाला १६३ पिक्सेल, तर माझ्या जुन्या २४ इंचीत ९२. दूरच्या तारा, झाडांच्या फांद्या, केस, कुंपणाच्या जाळ्या, जिथे १०८०पीवर बारीक थरथर दिसायची तिथे सगळं शांत. आणि गेमपेक्षाही मराठी मजकूर! जोडाक्षरं, रफार, अनुस्वाराचा ठिपका, सगळं छापल्यासारखं. 'द्ध' आणि 'ध्द' यांतला फरक डोळे न ताणता कळतो. फक्त त्यासाठीही मी तो मॉनिटर विकला नाही.

गेमसाठी मात्र तडजोडी सुरू झाल्या. पहिली अर्थातच डीएलएसएस, म्हणजे कमी रिझोल्यूशनला चित्र काढून (रेंडर करून) ते एआयनं मोठं करायचं एनव्हिडियाचं तंत्र. ४केला क्वालिटी मोडमध्ये गेम आतून १४४०पीत रेंडर होतो, परफॉर्मन्स मोडमध्ये १०८०पीत. परफॉर्मन्स मोडचं चित्र ४के मॉनिटरवर आश्चर्य वाटावं इतकं चांगलं दिसतं, १०८०पी मॉनिटरवरच्या मूळ १०८०पीपेक्षा सरळसरळ उजवं. पण एक गैरसमज इथे मोडला. मला वाटलं होतं, आतून १०८०पी आहे म्हणजे वेगही १०८०पीचा मिळेल. तसं होत नाही. अपस्केलिंगला स्वतःचा वेळ लागतो, त्यानंतरचे बरेच इफेक्ट आणि स्क्रीनवरची अक्षरं-नकाशे पूर्ण ४केतच काढले जातात, आणि टेक्स्चरही (वस्तूंच्या पृष्ठभागांवर चढवलेली चित्रं) ४केला शोभतील असेच मागवले जातात. मला साधारण १४४०पीच्या आसपासचा वेग मिळायचा. वाईट नाही, पण अपेक्षा वेगळी होती.

दुसरी तडजोड फ्रेम जनरेशन. चाळीस एफपीएसवर चालू केलं तर कोपऱ्यातला आकडा सत्तरीच्या जवळ गेला आणि मी क्षणभर खूश झालो. मग माउस हलवला. डोळ्यांना सत्तर, हाताला चाळीसच, किंबहुना त्याहून थोडं जड. मधल्या फ्रेम कार्ड रचून घालतं, पण तुमच्या हालचालीची दखल खऱ्या फ्रेममध्येच घेतली जाते. मूळ एफपीएस साठीच्या वर असेल तेव्हा हे तंत्र गोड लागतं. ज्याला त्याची खरी गरज, त्याच्याच हाती ते नीट लागत नाही.

तिसरी अडचण मेमरीची, आणि ती कपटी आहे. १२ जीबी बहुतेक गेमना पुरतात. पण ४के, रे ट्रेसिंग, सर्वात वरचे टेक्स्चर आणि फ्रेम जनरेशन असं एकदम लावलं की मेमरी काठोकाठ भरते. भरली की सरासरी एफपीएस फारसे पडत नाहीत, पण मधूनच एखादा फ्रेम अडकतो, कारण कार्डाला लागणारी गोष्ट आता सिस्टिमच्या रॅममधून आणावी लागते. तुम्ही सेटिंग बदलत बसता आणि गुन्हेगार सापडत नाही. उपाय सोपा आहे: टेक्स्चर एक पायरी खाली. उलट मेमरीत जागा असेल तर टेक्स्चर खाली आणून वेग जवळपास काहीच वाढत नाही, म्हणजे ती सेटिंग उगाच कमी करू नये.

काही गेमना ४के अगदी सहज झेपलं, हेही सांगायला हवं. एल्डन रिंगला पीसीवर मुळातच ६० एफपीएसची मर्यादा आहे, त्यामुळे १४४ हर्ट्झचा मॉनिटर तिथे निरुपयोगी, पण ४के पिक्सेल कामाचे. काउंटर-स्ट्राइक २ बरोबर उलटं. तिथे १०८०पी आणि १४४०पी यांत माझ्या मशीनवर फारसा फरक पडत नाही, कारण अडवणारा पुन्हा प्रोसेसरच, आणि मला चित्रापेक्षा वेग हवा असतो. म्हणजे 'हे कार्ड कोणत्या रिझोल्यूशनचं' या प्रश्नाला माझ्या एकाच मशीनवर तीन उत्तरं आहेत.

पाचव्या महिन्यात १४४०पी, १६५ हर्ट्झ मॉनिटर आला. आणि पहिले तीन आठवडे मी मनातल्या मनात कुरकुरत होतो की एवढा फरक काही जाणवत नाही. मग एकदा विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये दुसरंच काही शोधताना दिसलं: रिफ्रेश रेट ६० हर्ट्झ. तीन आठवडे! नवा मॉनिटर जोडल्यावर विंडोज खुशाल ६० वर बसू शकतं, आणि ही जगजाहीर गोष्ट मी इतरांना सांगत फिरणारा माणूस. असो.

ते सुधारल्यावर मात्र जोडी जमली. तोच सायबरपंक मूळ १४४०पीत ७५ ते ८०, डीएलएसएस क्वालिटी लावून शंभरीच्या आसपास, म्हणजे जिथे माझा प्रोसेसरही दमतो साधारण तिथेच. कार्ड आणि प्रोसेसर दोघेही एकाच वेळी घामाघूम, कुणी कुणाची वाट पाहत नाही. रेड डेड रिडेम्प्शन २ नव्वदीच्या वर. एफपीएस ७० आणि १०० च्या मध्ये हेलकावे खातात, पण व्हेरिएबल रिफ्रेश रेट (मॉनिटरनं कार्डाच्या वेगाशी जुळवून घेणं) चालू असल्यानं ते डोळ्यांना टोचत नाहीत. क्वालिटी मोडमध्ये आतलं रिझोल्यूशन १७०७ गुणिले ९६० असतं, त्यामुळे बारीक पाहिलं तर वेगानं हलणाऱ्या पानांत किंचित धूसरपणा दिसतो. त्याच्या खालचे मोड १४४०पीवर मी वापरत नाही. आणि १०८०पी मॉनिटरवर तर क्वालिटीसुद्धा आतून ७२०पी असतं. तिथे मला ते कधीच रुचलं नाही.

अक्षरं ४केइतकी रेखीव नाहीत. इंचाला १०९ पिक्सेल, रफार ओळखू येतो, पण छापल्यासारखा नाही. दोन मॉनिटर शेजारी ठेवले की रोज टोचतं.

एक सवय मोडावी लागली. ४केवर एखादा जड गेम झेपला नाही तर १०८०पी लावायचो आणि ते बऱ्यापैकी दिसायचं, कारण बरोबर निम्मं. एका पिक्सेलचे चार. १४४०पी मॉनिटरवर १०८०पी लावलं की पटीचा हिशोब १.३३ होतो आणि सगळ्यावर पातळ साय धरल्यासारखी दिसते. इथे रिझोल्यूशन न बदलता डीएलएसएस किंवा एफएसआर (एएमडीचं तसंच तंत्र) वापरणंच बरं.

सगळ्यात जास्त चुटपुट लागली ती सातव्या महिन्यात. तेव्हा कळलं की एनव्हिडियाच्या ड्रायव्हरमध्ये डीएसआर नावाची सोय आहे, एएमडीकडे तशीच व्हीएसआर. तुमच्या मॉनिटरपेक्षा मोठ्या रिझोल्यूशनला गेम रेंडर करून ती चित्र छोटं करून दाखवते. म्हणजे माझ्या जुन्या १०८०पी मॉनिटरवर १.७८ पट (एकूण पिक्सेलच्या हिशोबानं) निवडलं असतं तर १४४०पीचा वेग कळला असता, ४ पट निवडलं असतं तर ४केचा. चित्र कसं दिसेल ते नाही कळणार, पण कार्ड कुठे धापा टाकेल ते नक्की कळलं असतं, माझ्याच गेमसह, माझ्याच प्रोसेसरवर, नवा मॉनिटर न घेता. हा चाळीस एफपीएसचा आकडा मला तेव्हाच दिसला असता. मॉनिटर बदलायचा विचार असेल तर एक संध्याकाळ यात घालवा: आधी रिझोल्यूशन कमी करून बघा, एफपीएस वाढले नाहीत तर प्रोसेसर अडवतोय. मग डीएसआरनं वाढवून बघा.

सध्या ४के मॉनिटर कामाच्या टेबलावर आहे, १०८०पी त्याच्या बाजूला उभा फिरवून लावलाय, आणि खेळ सगळे १४४०पीवर. एल्डन रिंगसाठी मात्र डीएसआर २.२५ पट लावून ठेवलंय, म्हणजे आतून पुन्हा ४केच. बहुतेक वेळ ६० ला टिकून राहतं, आणि दूरच्या किल्ल्याच्या कडा थरथरत नाहीत.