सोळा महिने, आठ स्क्रू आणि एक षटकोनी खाच

मागच्या आठवड्यात मोडलेल्या घोट्यात बसवलेलं प्लेट-स्क्रूंचं सामान काढून घेतलं. पाऊण तासाचं काम म्हणाले होते, लागले दोन तास, आणि जादा वेळ सगळा एकट्या एका स्क्रूने खाल्ला. म्हणून हे लिहितेय. चार महिन्यांपूर्वी लिहायला बसले असते तर नुसतं कौतुक केलं असतं.

सामान असं: बाहेरच्या बाजूला फिब्युलावर, म्हणजे नडगीशेजारच्या बारीक हाडावर, लॉकिंग प्लेट, तिच्यात ३.५ मिमीचे सहा स्क्रू. आतल्या घोट्यात ४ मिमीचे दोन. सगळं टायटॅनियम. स्टील चालेल असं सर्जन म्हणत होते, पण पुढेमागे एमआरआय करावा लागला तर काय, म्हणून मीच हट्टाने महागातलं घेतलं. नंतर कळलं की हाडात घालायचं ३१६एल स्टीलसुद्धा चुंबकाला चिकटत नाही, फक्त एमआरआयच्या चित्रात आजूबाजूचं जास्त बिघडवतं. पैसे भरून झाल्यावर ज्ञान मिळण्याची माझी जुनी खोड आहे.

काम मात्र चोख. सहाव्या आठवड्यात पायावर थोडा थोडा भार, चौथ्या महिन्यात जिना कठडा न धरता. आतल्या बाजूच्या दोन स्क्रूंचा एक्स-रे पहिल्यांदा पाहिला तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं होतं. निम्म्याहून जास्त दांड्याला आटेच नाहीत! म्हटलं, इथेही काटकसर? सर्जनांनी कागदावर रेघा मारून दाखवलं: गुळगुळीत दांडा तुटलेल्या तुकड्यातून नुसता सरकतो, आटे फक्त पलीकडच्या हाडाला धरतात. त्यामुळे स्क्रू आवळला की तुकडा ओढला जाऊन हाडावर दाबून बसतो. आटे डोक्यापर्यंत असते तर दोन्हीकडे पकड बसून मधली फट तशीच राहिली असती. आरोप मागे घेतला. हे दोन स्क्रू पुढे कधी जाणवलेही नाहीत.

त्रास प्लेटकडून सुरू झाला. बाहेरच्या घोट्यावर कातडी आणि हाड यांच्यामध्ये काही नसतंच. बुटाची कड नेमकी तिथे. बोट फिरवलं की पाच स्क्रूंच्या जागी काही लागायचं नाही, खालून दुसऱ्याच्या जागी मात्र बारीक उंचवटा. लॉकिंग स्क्रूच्या डोक्यालाही आटे असतात आणि ते प्लेटच्या भोकातल्या आट्यांत बसतात. नीट बसलं तर डोकं प्लेटच्या बरोबरीने राहतं. हे वर राहिलं होतं. बुटाच्या कडेला स्पंज लावून पाहिला, मोज्यावर मोजे घातले, शेवटी तो बूटच कापला (चांगला बूट होता). तेरा महिने दोष मी बुटाला देत होते. दुखत नसेल तर काढू नका असं सगळेच सांगतात, ते बरोबरही आहे. मला दुखत होतं.

कमरेत इंजेक्शन, त्यामुळे मी जागी. पडद्याच्या पलीकडून भांड्यात एकेक स्क्रू पडल्याचा टण् आवाज. मी मोजत होते. सातानंतर शांतता. मग कोणीतरी म्हणालं, "नुसता फिरतोय." स्क्रू नव्हे, खाचेत स्क्रूड्रायव्हर फिरत होता. २.५ मिमीची षटकोनी खाच, तिचे कोपरे झिजून गोल झालेले. उलट्या आट्यांचा निमुळता तुकडा ठोकून पाहिला, तोही निसटला. शेवटी कार्बाइडच्या ड्रिलने डोकंच भुगा करून उडवलं, प्लेट निघाली, आणि मान नसलेला दांडा हाडात राहिला. तो काढायचा तर भोवतालचं हाड पोखरावं लागेल, म्हणून राहू दिला.

खोलीत परत आल्यावर माझा सगळा राग त्या खाचेवर. घरातलं साधं कपाट जोडायला सुद्धा हल्ली चांदणीच्या खाचेचे स्क्रू मिळतात, ते सहजी झिजत नाहीत. हाडाला मात्र षटकोन! पण टाके काढायला गेले तेव्हा सर्जनांशी बोलले आणि निम्मं मत बदललं. तो स्क्रू बसवतानाच तिरका गेला असावा. तिरका गेला की डोक्याचे आटे भोकातल्या आट्यांवर चढतात आणि टायटॅनियमवर टायटॅनियम घट्ट जाम होतं. म्हणजे बुटाला लागणारं डोकं आणि न निघणारा स्क्रू, दोन्हींचं मूळ एकच. लॉकिंग स्क्रू शेवटी आवळायला १.५ न्यूटन-मीटरला टक् करून सुटणारा स्क्रूड्रायव्हर असतो. माझ्या वेळी तो वापरला होता का, हे मी विचारलं. पहिलं ऑपरेशन दुसऱ्या ठिकाणी झालं होतं, तिथल्या कागदात काही नाही.

ज्यांचं अजून आत आहे त्यांना एकच सांगते: ऑपरेशनची नोट आणि इम्प्लांटचे स्टिकर जपून ठेवा. काढणाऱ्याला खाच कुठली, माप काय, हे आधी कळलं तर योग्य हत्यार तयार ठेवता येतं. माझे स्टिकर मी रद्दीत घातले होते.

भोकं भरेपर्यंत उड्या, धावणं बंद आहे. बूट नवा घेतलाय, कड लागत नाही. स्क्रू मी मागून घेतले; हॉस्पिटलवाले आधी कुरकुरले, मग धुऊन, वाफवून डबीत दिले. प्लेट निळसर आहे. रंग दिलेला नाही, टायटॅनियमवरच्या ऑक्साइडच्या थराची जाडी तसा रंग दाखवते. ज्या भोकात ड्रिल चाललं तिथे मात्र चकचकीत ओरखडा. डबीत सात स्क्रू आहेत. बिलात आठ होते, आणि आठव्याचा दांडा अजून वापरात आहे.