ओपनडब्ल्यूआरटीची यूसीआय: बरेच महिने वापरल्यावर

पुण्याच्या पेठांमधल्या काही अभ्यासिकांचे वायफाय राउटर मी सांभाळतो. सगळ्यांवर ओपनडब्ल्यूआरटी, म्हणजे राउटरसाठीची लिनक्सवर आधारित मुक्त कार्यप्रणाली, आहे, त्यामुळे रोजचा संबंध यूसीआयशी, म्हणजे त्याच्या सेटिंग्ज सांभाळणाऱ्या यंत्रणेशी येतो. इतके महिने वापरल्यावर माझं मत पक्कं झालंय: 16 एमबी फ्लॅश (वीज गेली तरी टिकणारी साठवण) आणि 128 एमबी रॅमच्या यंत्रासाठी याहून नेटकी व्यवस्था मी पाहिलेली नाही. मात्र तिची जबाबदारी कुठे संपते हे आधी कळायला हवं, नाहीतर भरवशाच्या जागी घात होतो.

सर्व्हरवर अॅन्सिबल, म्हणजे अनेक यंत्रांच्या सेटिंग्ज एकाच जागेवरून लावणारं साधन, वापरणारे विचारतात, इथे तेच का नको? त्याच्या बहुतेक मॉड्यूलना समोरच्या यंत्रावर पायथन ही प्रोग्रॅमिंग भाषा लागते, आणि राउटरवर त्यासाठी जागा घालवणं मला पटत नाही. यूसीआय म्हणजे सी भाषेतली छोटी लायब्ररी, एक कमांड आणि '/ईटीसी/कॉन्फिग' मधल्या साध्या मजकुराच्या फाइली. डीएनएसमास्क (यंत्रांना पत्ते देणारा), होस्टएपीडी (वायफाय चालवणारा) अशा प्रत्येक प्रोग्रॅमची कॉन्फिग फाइल वेगळ्या पद्धतीने लिहावी लागते. इथे तुम्ही एकाच पद्धतीने लिहिता. सेवा सुरू होताना त्यातून ज्याची त्याची फाइल रॅममध्ये तयार होते. लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी54जी या जुन्या राउटरच्या काळात, ओपनडब्ल्यूआरटीच्या व्हाइट रशियन आवृत्तीपर्यंत, सेटिंग्ज एनव्हीरॅम या राखीव साठवणीत नाव आणि मूल्य अशा जोड्यांनी ठेवल्या जात. 2007 च्या कामिकाझे आवृत्तीपासून त्या फाइलींत आल्या. आज दोन राउटरमधला फरक 'डिफ' ही फाइलींची तुलना करणारी कमांड लावून दिसतो, तो त्यामुळेच.

मला सर्वात आवडलेली गोष्ट म्हणजे बदल आणि नोंद यांत ठेवलेलं अंतर. 'यूसीआय सेट' दिलं की बदल रॅममध्ये, '/टीएमपी' खाली राहतो. 'यूसीआय चेंजेस' काय बदललं ते दाखवतं, 'रिव्हर्ट' ते पुसतं आणि 'कमिट' म्हटल्यावरच फ्लॅशवर लिहिलं जातं. मध्येच वीज गेली तर अर्धवट बदल आपोआप विरतात. पण कमिट झालं म्हणून सेवेने ते उचललं असं नाही. त्यासाठी 'रीलोड_कॉन्फिग' वेगळं द्यावं लागतं. ब्राउझरमधून लुसी, म्हणजे ओपनडब्ल्यूआरटीचं वेबपान, वापरलं तर आणखी एक आधार आहे: बदल लागू केल्यावर ठरलेल्या वेळेत, सहसा 90 सेकंदांत, ब्राउझर पुन्हा जोडला गेला नाही तर जुन्या सेटिंग्ज परत येतात. एसएसएचवरून, म्हणजे दुरून थेट कमांड देऊन, काम करताना हा आधार नसतो. म्हणून मी आधी कॉन्फिग फोल्डरची प्रत '/टीएमपी' मध्ये काढतो, पाच मिनिटांनी ती परत जागेवर आणून रीलोड करणारी ओळ मागे चालू ठेवतो आणि सगळं ठीक दिसलं की ती ओळ थांबवतो. दुसऱ्या पेठेत बसून नेटवर्कची फाइल बदलायची असेल तर हे केल्याशिवाय हात लावू नका.

अनेक राउटर एकसारखे ठेवायचे असतील तर खरी गोम नावांत आहे. रात्री अकरानंतर पाहुण्यांचं इंटरनेट बंद करणारा फायरवॉल नियम 'यूसीआय अॅड' ने घातला तर तो बिननावाचा होतो. तीच स्क्रिप्ट (कमांडची तयार फाइल) पुन्हा चालवली की दुसरा नियम, मग तिसरा. त्याऐवजी 'फायरवॉल.रात्र_बंद' असं नाव देऊन 'सेट' करा, मग स्क्रिप्ट कितीही वेळा चालली तरी नियम एकच राहतो. प्रत्यक्षात नाव रोमन अक्षरांत द्यायचं. अक्षरं, अंक आणि अंडरस्कोअर चालतात, हायफन चालत नाही. यादीत भर घालणाऱ्या 'अॅड_लिस्ट' चंही तसंच, आधी यादी पुसायची, मग भरायची. ही शिस्त पाळली की पूर्ण स्क्रिप्ट फर्मवेअर सिलेक्टरच्या (आपल्या राउटरसाठी ओपनडब्ल्यूआरटी तयार करून देणाऱ्या संकेतस्थळाच्या) पहिल्या बूटच्या रकान्यात टाकता येते. ती '/ईटीसी/यूसीआय-डिफॉल्ट्स' मध्ये बसते, पहिल्यांदा चालू होताना धावते आणि यशस्वी झाली की पुसली जाते. राउटर बिघडला तर नवा त्याच घडणीचा उभा करायला मला आता फार वेळ लागत नाही.

उणीव मोठी आहे ती तपासणीची. आयपी पत्त्याच्या 'आयपीएडीडीआर' ऐवजी एक 'डी' गाळून लिहिलं तरी यूसीआय निमूट साठवते. वायफाय चॅनेलच्या जागी कुठलाही शब्द लिहिला तरी तेच. फाइलची मांडणी मोडली तरच ती तक्रार करते. लुसीचे फॉर्म चुका पकडतात, कमांड नाही. शिवाय फाइलमध्ये हाताने लिहिलेल्या टिपा पुढच्या कमिटला नाहीशा होतात. कारणं लिहायची तर स्क्रिप्टमध्येच लिहा. माझ्या मते प्रत्येक पॅकेजने आपले पर्याय आणि त्यांचे प्रकार एका फाइलीत जाहीर करावेत आणि कमिटआधी ते पडताळणारी छोटी कमांड असावी. आकार फार वाढणार नाही आणि कितीतरी फेऱ्या वाचतील.

नवी आवृत्ती घालताना सेटिंग्ज बहुतेक वेळा टिकतात. 21.02 आवृत्तीच्या सुमारास अनेक यंत्रांवर स्विचची (राउटरच्या केबल-पोर्टांची) मांडणी स्विचकॉन्फिग या जुन्या पद्धतीवरून डीएसए या नव्या पद्धतीवर गेली, तेव्हा जुनी नेटवर्क फाइल निरुपयोगी ठरत होती. तिथे सिसअपग्रेड, म्हणजे नवी आवृत्ती घालणारी कमांड, सुसंगतता-क्रमांक पाहून आधीच अडवतं, हे फार चांगलं केलंय. अशा वेळी बॅकअप परत ओतण्यापेक्षा स्क्रिप्ट सुधारून नव्याने चालवणं बरं.

बॅकअपबद्दल एक सांगायलाच हवं. वायफायचा पासवर्ड आणि वायरगार्ड या व्हीपीएनची खासगी की या फाइलींमध्ये उघड्या मजकुरात असतात, म्हणून 'सिसअपग्रेड' ने काढलेली बॅकअप फाइल ईमेलने पाठवू नका आणि कॉन्फिग फोल्डर सार्वजनिक गिटवर (सर्वांना दिसणाऱ्या कोडसाठ्यावर) तर मुळीच ठेवू नका. मी स्क्रिप्टमध्ये या दोन्हींच्या जागा रिकाम्या ठेवतो आणि राउटर बसवताना तिथेच भरतो.