कॉलेज निवडीचं काउन्सेलिंग: बोलणं भारी, रिपोर्ट टुकार

भाचीसाठी एका ऑनलाइन सर्व्हिसचं काउन्सेलिंग घेतलं, त्याबद्दल लिहितोय. मॅडमनी रँकिंगची यादी उघडलीच नाही, सरळ विचारलं की मार्क आणि कॉलेजचं नाव दोन्ही बाजूला ठेव, कुठला विषय तू सुट्टीत पण वाचशील? पोरगी आधी गप्प, मग पाण्याच्या प्रदूषणावर जी सुरू झाली ती थांबेचना. तिथून मग उलटं शोधत गेलो, कुठल्या कोर्सला हे खरंच शिकवतात, पहिल्या वर्षापासून लॅबमध्ये हात घालू देतात का, शिकवणारे लेक्चरनंतर भेटतात का. हे मला फार पटलं.

नावाच्या हट्टावर (हट्ट पोरीचा नाही, तिच्या बाबांचा!) पण छान बोलल्या. क्यूएस या कंपनीच्या विद्यापीठांच्या जागतिक रँकिंगमध्ये ३० टक्के वजन नुसतं प्राध्यापक मंडळींच्या मतांच्या सर्व्हेला असतं, आधी तर ४० होतं, हे दाजींना नवीनच होतं. आणि गॅलप ही सर्व्हे करणारी कंपनी आणि पर्ड्यू विद्यापीठ यांच्या २०१४ च्या सर्व्हेत अमेरिकेतल्या ३०,००० वर पदवीधरांना विचारलं तेव्हा कॉलेज कुठलं यापेक्षा काळजी घेणारे शिक्षक, मेंटर, मोठं प्रोजेक्ट असल्या गोष्टींचा पुढच्या कामातल्या उत्साहाशी जास्त संबंध दिसला.

आता वाईट भाग. ॲप्टिट्यूड टेस्टचा रिपोर्ट म्हणजे नुसता कॉपी-पेस्ट, 'तुमच्यात नेतृत्वगुण आहेत' वगैरे, कोणालाही चालेल असा. फीबद्दल विचारलं की उत्तर गोल गोल, स्कॉलरशिपचं तर नावच नाही, कर्ज काढून शिकणाऱ्याला हेच आधी लागतं ना. ५ पैकी साडेतीन. टेस्टचं पॅकेज घेऊ नका, फक्त बोलायचं सेशन घ्या.