लघवीच्या वाटेने द्यायची ती गोळी: माझे आठ महिने

प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं तेव्हा कॅथेटर काढताना जे काही झालं त्यानंतर मी मनाशी ठरवलं होतं की या वाटेनं आता आत काहीही जाणार नाही. आणि दीड वर्षाने, ताठरता यावी म्हणून, मी स्वतःच्या हाताने तिथे ऍप्लिकेटर, म्हणजे गोळी आत सोडायची बारीक नळी, घालतोय. तर असो. कुणी याबद्दल मोकळेपणाने लिहीत नाही म्हणून लिहितोय, लाजायचं वय आता राहिलं नाही.

आधी तोंडाने घ्यायच्या गोळ्या झाल्या, सिल्डेनाफिल, मग टाडालाफिल, डोस वाढवून पण बघितला, नुसतं डोकं जड आणि नाक चोंदलेलं, खाली काहीच हालचाल नाही. डॉक्टरांनी तेव्हा समजावलं ते मला पटलं. त्या गोळ्यांना नसांकडून, म्हणजे मज्जातंतूंकडून, येणारा सिग्नल लागतो, नसांनी नायट्रिक ऑक्साइड सोडलं तरच त्या पुढचं काम करतात, आणि माझ्या नसा ऑपरेशनमध्ये दुखावलेल्या. माझ्या या गोळीतलं औषध अल्प्रोस्टाडिल, ते नसांवर अवलंबून नसतं, ते प्रोस्टाग्लँडिन ई१ आहे, म्हणजे शरीरातही बनणारा एक पदार्थ, थेट तिथल्या स्नायूंना सैल करतं आणि रक्त आत येतं. तेच औषध इंजेक्शनने पण देतात पण सुई म्हटलं की माझे पाय गार, म्हणून ही सपोझिटरी, म्हणजे न गिळता आत ठेवायची गोळी. १९९६ साली अमेरिकेत मंजूर झालेली, म्हणजे त्या प्रसिद्ध निळ्या गोळीच्याही, व्हायग्राच्याही आधीची, आणि मला पन्नाशी ओलांडेपर्यंत तिचं नावसुद्धा माहीत नव्हतं.

गोळी म्हणजे तांदळाच्या कणीएवढी. १२५, २५०, ५०० आणि १००० मायक्रोग्रॅम अशा चार डोसमध्ये येते. इंजेक्शनमध्ये साधारण १०-२० मायक्रोग्रॅम पुरतात आणि इथे हजारापर्यंत जावं लागतं, कारण मूत्रमार्गाच्या आतल्या पडद्यातून झिरपून जिथे पोचायचं तिथे थोडंसंच पोचतं. हे आधी कळलं नसतं तर हजार आकडा बघून मी पेटीच परत केली असती.

पहिला डोस डॉक्टरांच्या समोरच घ्यायचा असतो. मला वाटलं उगाच फॉर्मॅलिटी. पण दहा मिनिटांत डोळ्यांपुढे अंधारी आली, बीपी घसरलं, नर्सने आडवं करून पाय वर केले. थोड्या वेळाने ठीक झालो. बीपीच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी हे डॉक्टरांना आधीच सांगा, मी सांगितलं होतं तरी झालं, न सांगता घरी एकट्याने केलं असतं तर बाथरूममध्येच पडलो असतो.

आता घरचं. पहिला महिना जवळपास वाया गेला आणि चूक माझीच होती. लघवी करून लगेच घालायची असते, कारण आत जो थोडा ओलावा राहतो त्यात गोळी विरघळते. मी काय करायचो तर लघवी करून नीट स्वच्छ होऊन, हात धुवून, दार लावून, धीर गोळा करून मग घालायचो, तोवर सगळं कोरडं, गोळी तशीच बाहेर यायची आणि आग आग व्हायची ती वेगळी. दुसरी चूक, घातल्यावर पलंगावर आडवा व्हायचो. आडवं व्हायचंच नाही! बटण दाबून पाच सेकंद तसंच धरायचं, ऍप्लिकेटर जरा इकडेतिकडे हलवून काढायचा, मग इंद्रिय सरळ वर धरून दोन्ही तळव्यांमध्ये दहा सेकंद चोळायचं आणि मग दहा मिनिटं घरात चालायचं. रात्री हॉलमध्ये येरझाऱ्या घालणारा नवरा बघून बायको पहिल्यांदा इतकी हसली की त्या दिवशी औषधाने काही केलं असतं तरी उपयोग नव्हता.

२५० ने काही नाही, ५०० ने अर्धवट, शेवटी डॉक्टरांनी १००० वर नेलं. तेव्हापासून दहापैकी सहा वेळा काम होतं असं म्हणेन. पाच-दहा मिनिटांत सुरुवात आणि अर्धा-पाऊण तास टिकतं. पूर्वीसारखं नाही, खोटं कशाला बोलू, पण पुरेसं. मुळाशी रबरी रिंग लावली की फरक पडतो, ती मात्र अर्ध्या तासात काढायचीच. चोवीस तासांत दोनपेक्षा जास्त गोळ्या नाहीत.

दुखण्याचं सांगतो कारण दुकानदार सांगत नाही. ठणका लागतो, बोथट, कधी वृषणांपर्यंत, एकदोनदा पायाच्या शिरांमध्ये पण. तासाभरात जातो. दोनदा रक्ताचा ठिपका दिसला, मी घाईत तिरपा घातला होता. चार तासांच्या वर ताठरता राहिली तर थेट हॉस्पिटल गाठा असं बजावलंय, माझ्यावर अजून ती वेळ आली नाही.

आणि बायकोचं. तिसऱ्या-चौथ्या वेळी तिला आतून जळजळ झाली, तिने दोन दिवस सांगितलंच नाही, मला वाटलं रागावलीय. औषध थोडं बाहेर येतं त्याने होतं. तेव्हापासून कंडोम, प्रश्न संपला. बायको गरोदर असेल किंवा तशी शक्यता असेल तर कंडोमशिवाय वापरायचंच नाही. सिकल सेल किंवा रक्ताचे काही आजार असतील, इंद्रियाला बाक असेल, लघवीचा मार्ग अरुंद झाला असेल तर डॉक्टर बहुधा देणारच नाहीत.

सगळ्यात त्रासाचं म्हणजे फ्रीज. पेटी फ्रीजमध्ये ठेवावी लागते, बाहेर ३० अंशांच्या आत चौदा दिवस चालते. मुलाने एकदा विचारलं हे काय, मी म्हटलं डोळ्याचं औषध. पुढच्या आठवड्यात त्याचे डोळे आले आणि तो तेच शोधत होता, बायको नशिबाने स्वयंपाकघरात होती.

सहा वेळा जमतं त्यापेक्षा न जमलेल्या चार वेळा जास्त लक्षात राहतात, कारण सगळी तयारी करून, चालून, ठणका सोसून काहीच नाही झालं की दोघं छताकडे बघत पडतो. डॉक्टर म्हणतात इंजेक्शनचा रिझल्ट यापेक्षा चांगला असतो आणि सुई अगदी बारीक असते. बायको म्हणते ती देईल, तिचा हात स्थिर आहे. फ्रीजमध्ये अजून चार गोळ्या आहेत, त्या संपल्या की बघू.