दोन कंपन्यांची दोन सिम, एक फोन: बेळगाव सीमाभागात कितपत कामाचं?

बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यात राहणाऱ्यांसाठी उत्तर आधीच सांगून टाकतो: दुसऱ्या कंपनीचं सिम जरूर घ्यावं, मात्र पॅकचा दर बघून घेऊ नये, टॉवर बघून घ्यावं. इकडे बहुतेकांच्या फोनात दोन सिम असतात. तरीही लाईट गेली की दोन्हींची रेंज एकदमच जाते, एकावर बोलत असताना दुसरं 'नॉट रीचेबल' लागतं, आणि ऐन वेळी बँकेचा ओटीपी येत नाही. ही तिन्ही दुखणी टाळता येतात.

आधी एका जुन्या सवयीबद्दल. सीमाभागात एक सिम कर्नाटकचं आणि एक महाराष्ट्राचं ठेवण्याची पद्धत आहे. दूरसंचार खात्याच्या हिशेबात बेळगाव जिल्हा कर्नाटक सर्कलमध्ये (सेवेच्या विभागात) येतो. चंदगड, गडहिंग्लज, कागल महाराष्ट्र सर्कलमध्ये, आणि गोवाही त्याच महाराष्ट्र सर्कलमध्ये. सीमा ओलांडली की इनकमिंगलाही पैसे कापले जायचे, तेव्हा दोन राज्यांची दोन सिम हा शहाणपणा होता. आता सगळ्या कंपन्यांच्या अनलिमिटेड पॅकमध्ये देशभराचं रोमिंग धरलेलं असतं, त्यामुळे कोल्हापूरला जायचं म्हणून महाराष्ट्राचा नंबर वेगळा पोसायचं कारण उरलेलं नाही. त्यातही एकाच कंपनीची दोन राज्यांची दोन सिम ठेवणं म्हणजे निव्वळ पैसे वाया: टॉवर तोच, रेंज तीच, रिचार्ज मात्र दोन. जुना नंबर सोडवत नसेल तर नंबर तोच ठेवून कंपनी बदला. 3 जुलै 2015 पासून नंबर देशात कुठेही पोर्ट करता येतो. 'पोर्ट' हा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून, जागा सोडून आपला नंबर टाकून 1900 वर मेसेज करायचा. येणारा कोड आपल्याकडे चार दिवस चालतो. त्याच सर्कलमध्ये पोर्ट व्हायला तीन कामाचे दिवस लागतात, एका सर्कलमधून दुसऱ्यात पाच. सिम घेऊन किंवा मागचं पोर्ट होऊन 90 दिवस झालेले असावे लागतात, आणि नुकतंच डुप्लिकेट सिम काढलं असेल तर त्यानंतर सात दिवस पोर्टिंगचा कोड मिळत नाही. हा शेवटचा नियम 1 जुलै 2024 पासूनचा आहे.

आता खास सीमेवरची अडचण. उचगाव, बाची, कुद्रेमनी या बाजूला किंवा निपाणीच्या पुढे कागलच्या दिशेला फोन कुठल्या राज्याचा टॉवर पकडेल याचा नेम नसतो. घर कर्नाटकात, पण शिनोळीकडचा टॉवर जवळचा असेल तर फोन तोच धरतो. कंपनी एकच असली तरी तिचा दोन राज्यांतला नेटवर्क क्रमांक वेगळा असतो; उदाहरणार्थ एअरटेल कर्नाटकात 404-45 आणि महाराष्ट्रात 404-90. काही हँडसेट हा फरक म्हणजे रोमिंग असं समजतात. रेंजच्या काड्यांशेजारी छोटा 'आर' दिसतो, आणि 'डेटा रोमिंग' बंद असेल तर काड्या भरलेल्या असूनही नेट चालत नाही. कॉल मात्र लागतात, म्हणून लोकांना वाटतं पॅक संपला. उपाय सोपा आहे: सेटिंगमध्ये दोन्ही सिमसाठी डेटा रोमिंग वेगवेगळं चालू करा. एका सिमचं केलं म्हणजे दुसऱ्याचं होत नाही, आणि गडबड बहुतेकदा इथेच होते. देशातल्या देशात याचा जादा आकार लागत नाही. परदेशी जाताना तेवढं आठवणीने बंद करायचं.

याचीच दुसरी बाजू म्हणजे 'नेटवर्क ऑपरेटर' हाताने निवडून ठेवणं. 'आर' जावा म्हणून कुणीतरी यादीतून कर्नाटकचं नेटवर्क पक्कं करून देतं. घरी ठीक चालतं, पण चंदगडला पोचल्यावर फोन मुका होतो, कारण त्याला महाराष्ट्राचा टॉवर घ्यायची परवानगीच नसते. हे सेटिंग कायम 'ऑटोमॅटिक'वर असू द्या. शेजारच्या राज्याच्या टॉवरवर बसलेला फोन मधूनमधून आपलं मूळ नेटवर्क शोधत राहू शकतो, त्यामुळे सीमेलगतच्या गावांत बॅटरी जरा लवकर उतरली तर लगेच फोनला दोष देऊ नका.

टॉवरचा मुद्दा सगळ्यांत मोठा. सिमवर नावं वेगळी असली तरी दोन कंपन्यांचे अँटेना एकाच टॉवरवर असू शकतात. टॉवर उभारणाऱ्या कंपन्या वेगळ्या असतात आणि त्या जागा भाड्याने देतात. इंडस टॉवर्सच्या एकाच खांबावर एअरटेल आणि व्ही (व्होडाफोन-आयडिया) दोन्ही असणं ही नेहमीची गोष्ट. हेस्कॉमची (इकडच्या वीज कंपनीची) लाईट गेली की टॉवर बॅटरीवर चालतो. बॅटरी उतरली आणि जनरेटरला डिझेल नसलं तर त्या खांबावरच्या सगळ्या कंपन्या पाठोपाठ बंद पडतात. जुलैच्या पावसात खानापूर तालुक्यात झाडं तारांवर पडून लाईट लांबते, तेव्हा ही जोडी काही कामाची नसते. म्हणून गावातून किती टॉवर दिसतात आणि कुठला कुणाचा, हे आधी विचारून घ्या. खात्री करून घ्यायची असेल तर लाईट जाऊन दोन-तीन तास झाल्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांचे फोन बघा. कुणाची रेंज टिकलीय ते बघून त्या कंपनीचं सिम घ्या. दुकानातल्या पोस्टरपेक्षा ही माहिती कितीतरी भरवशाची.

काड्या मोजू नका. त्या प्रत्येक कंपनीचा फोन आपल्या मनाने दाखवतो. अँड्रॉइडमध्ये सेटिंग, मग 'अबाउट फोन', मग 'सिम स्टेटस' उघडलं की सिग्नलचा आकडा डीबीएममध्ये दिसतो. आकडा उणे असतो, आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. 4जीवर उणे 90 च्या आत असेल तर उत्तम. उणे 100 ते 110 मध्ये कॉल होतो, पण व्हिडिओ अडखळतो. उणे 115 च्या पलीकडे आवाज तुटतो. स्वयंपाकघर, माडी, परसदार अशा जिथे फोन खरोखर वापरला जातो तिथे दोन्ही सिमचे आकडे घ्या. जाड दगडी भिंतीच्या घरात आत-बाहेर मोठा फरक पडतो. आणखी एक खूण ध्यानात ठेवण्यासारखी: रेंज नसताना फोनवर 'फक्त इमर्जन्सी कॉल' असं दिसलं, तर आपली कंपनी तिथे नाही, पण दुसऱ्या कुणाचा तरी टॉवर पोचतोय. त्या जागी तुमची रोजची ये-जा असेल तर दुसरं सिम त्या कंपनीचं हवं. अशा ठिकाणी 112 लागतो, हेही लक्षात असू द्या. नुसतं 'नो सर्व्हिस' आलं तर तिथे कुठल्याच सिमचा उपयोग नाही.

जांबोटी, कणकुंबी, भीमगडच्या रानाकडची गावं इथे हँडसेट कुठले बँड, म्हणजे लहरींचे कुठले पट्टे, पकडतो यालाही महत्त्व येतं. कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी लांब जातात आणि झाडी-भिंतींतून जास्त आत शिरतात. जिओचा 850 (बँड 5), एअरटेल आणि व्हीचा 900 (बँड 8), बीएसएनएलच्या 4जीचा 700 (बँड 28) हे त्यातले. बीएसएनएलने आपलं 4जी देशभर सुरू केल्याचं सप्टेंबर 2025 मध्ये जाहीर झालं, पण जुन्या स्वस्त हँडसेटमध्ये बँड 28 नसेल तर गावात टॉवर असूनही तो पूर्ण पकडता येत नाही. फोन घेताना खोक्यावरची किंवा कंपनीच्या साईटवरची बँडची यादी वाचा. 5जीसाठी इतकी चिकित्सा करू नका. गावाकडे अजून 4जीचा भक्कम सिग्नलच जास्त कामाला येतो.

स्लॉटही तपासा. बऱ्याच फोनांत 'हायब्रिड' ट्रे असतो: दुसरं सिम टाकलं की मेमरी कार्डला जागा नाही. काही जुन्या फोनांत दुसरा स्लॉट फक्त 2जी चालवतो. जिओकडे 2जी आणि 3जी मुळातच नाही, म्हणून ते सिम तिथे 'नो सर्व्हिस'च दाखवणार. ते पहिल्या स्लॉटमध्ये घाला आणि एअरटेल किंवा बीएसएनएल दुसऱ्यात. मोठं सिम कात्रीने कापून नॅनो करू नका. कडा जाड राहते, ट्रे अडकतो, आतले टोचे वाकतात, आणि दुरुस्ती सिमच्या कित्येक पट महाग पडते. कंपनीच्या दुकानातून नॅनो सिम बदलून घ्या. अमेरिकेतून कुणी आयफोन 14 किंवा त्यापुढचा आणून दिला तर त्याला ट्रेच नसतो, दोन्ही नंबर ई-सिमवर (कार्डाशिवाय फोनातच भरलेल्या सिमवर) घ्यावे लागतात.

आता 'नॉट रीचेबल'चं. साध्या ड्युअल सिम फोनमध्ये दोन्ही सिम जागी असतात, पण रेडिओ एकावेळी एकाचंच काम करतो. पहिल्यावर बोलणं चालू असताना दुसऱ्याचा टॉवरशी संबंध सुटतो. दोन्ही सिमवर व्होल्टे (4जीवरूनच कॉल) चालू करा, मग 'कॉल चालू असताना डेटा' किंवा 'डेटा ऑटो स्विच' अशा नावाचं सेटिंग चालू करा. आयफोनमध्ये ते 'अलाउ सेल्युलर डेटा स्विचिंग' नावाने असतं, आणि दोन्ही नंबरांना वाय-फाय कॉलिंगही (टॉवरऐवजी नेटवरून कॉल) चालू लागतं. फोन आणि कंपनी दोघांची साथ असेल तर दुसऱ्या सिमचा कॉल पहिल्याच्या नेटवरून येतो. नाहीतर फोनच्या कॉल सेटिंगमधून 'पोचत नसेल तर' या अटीवर एकाचे कॉल दुसऱ्याकडे वळवा. कुणी फोन करून एखादा स्टार-हॅशचा कोड डायल करायला सांगितलं तर मात्र अजिबात करू नका. तुमचे कॉल परक्याच्या नंबरावर वळवून ओटीपी लाटायची ती नेहमीची युक्ती आहे. व्होल्टे बंद ठेवण्याचा आणखी एक तोटा: एअरटेल किंवा व्हीवर कॉल 2जीला जातो आणि बोलणं संपेपर्यंत नेट थांबतं, तर जिओवर कॉलच होत नाही.

घरात ब्रॉडबँड असेल तर दोन्ही सिमवर वाय-फाय कॉलिंग चालू ठेवा. जाड भिंतींच्या घरांना याहून चांगला आणि स्वस्त इलाज नाही. फक्त राउटरला छोटा यूपीएस जोडा.

दुसऱ्या सिमचा खर्च हा खरा प्रश्न. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या आदेशानंतर जानेवारी 2025 मध्ये कंपन्यांनी नेट नसलेले, फक्त कॉल आणि मेसेजचे पॅक आणले: तेव्हा 84 दिवसांसाठी जिओचा 448 रुपयांना, एअरटेलचा 469 रुपयांना. ॲपमध्ये हे पॅक खाली कुठेतरी दडलेले असतात, शोधावे लागतात, आणि दर बदलतात म्हणून रिचार्जच्या दिवशी पुन्हा बघा. दुसरा नंबर केवळ कॉल आणि ओटीपीपुरता असेल तर हाच पॅक घ्या. पण पहिल्याचं नेट गेल्यावर आधार म्हणून दुसरं सिम ठेवत असाल, तर त्यावर थोडा तरी डेटा हवाच, नाहीतर ऑटो स्विचचा काही उपयोग नाही.

बँक, आधार आणि रेशनकार्डाला जोडलेला नंबर कधीही मरू देऊ नका. 90 दिवस काहीच वापर झाला नाही तर कंपनी नंबर बंद करू शकते. शिल्लक 20 रुपये असतील तर ते कापून 30 दिवसांची मुदत मिळते, पण त्यावर विसंबू नये. बंद पडलेला नंबर पुढे दुसऱ्याला दिला जातो, आणि यूपीआयही अशा नंबरांची जोडणी काढून टाकतं. यूपीआय सुरू करताना फोनातून आपोआप एक मेसेज जातो, म्हणून त्या सिमवर आउटगोइंग मेसेज चालू असले पाहिजेत आणि ॲपने विचारल्यावर तेच सिम निवडलं पाहिजे. सिम एका स्लॉटमधून दुसऱ्यात हलवलं तर काही बँकांची ॲप पुन्हा पडताळणी मागतात. हलवाहलव शक्यतो टाळा.

ई-सिमबद्दल आमचं मत: बँकेचा नंबर खऱ्या कार्डावर ठेवा, दुसरा ई-सिमवर. फोन पाण्यात पडला तर कार्ड काढून घरातल्या कुठल्याही फोनात घालता येतं. ई-सिमला कंपनीची सगळी प्रक्रिया परत करावी लागते. सिम बदललं, साधं असो वा ई-सिम, की पुढचे 24 तास मेसेज बंद राहतात. फी भरायची आहे, पगार वळवायचा आहे, अशा दिवशी हे काम काढू नका.

फोन हरवला तर आयएमईआय, म्हणजे हँडसेटचा ओळख क्रमांक, लागतो; दोन सिमच्या फोनात ते दोन असतात, प्रत्येक स्लॉटचा वेगळा. आजच *#06# दाबून दोन्ही आकडे वहीत उतरवून ठेवा. चोरी झाल्यावर आधी दोन्ही कंपन्यांना कळवून दोन्ही सिम बंद करा, मग पोलिसांत तक्रार द्या, डुप्लिकेट सिम घ्या, आणि संचार साथी या सरकारी पोर्टलवरून हँडसेट ब्लॉक करताना दोन्ही आयएमईआय भरा. खात्यातून पैसे गेले असतील तर या सगळ्याच्या आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.