‘दुर्मीळ प्रिंट’चे ३९,२५० रुपये

एका जुन्या चित्रपटाच्या ‘दुर्मीळ प्रिंट’पायी झालेल्या फसवणुकीत माझे एकूण ३९,२५० रुपये गेले. ते सात आठवड्यांत, सहा हप्त्यांत गेले आणि प्रत्येक वेळी पैसे पाठवणारे बोट माझेच होते, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे ‘ओटीपी दिलात का’ असे विचारणाऱ्यांचे श्रम वाचतील. ओटीपी मी कोणालाही दिला नाही, कुठल्या लिंकवर गेले नाही, लॉटरीच्या मोहात पडले नाही. एकोणतीस वर्षे दुसऱ्यांचे हिशेब तपासण्याची नोकरी केलेली मी बाई आहे आणि खोटी बिले मला वासावरून कळतात, असा माझा लौकिक होता.

निवृत्तीनंतर मी घरच्या संगणकावर जुने मराठी चित्रपट दुरुस्त करते. एका चित्रपटाची व्हीसीडी, दूरचित्रवाणीवरून कोणीतरी टेपवर उतरवून घेतलेली प्रत, आणखी कुठली तरी डीव्हीडी असे जे हाती लागेल ते शेजारी शेजारी ठेवायचे, ज्या प्रतीत जे दृश्य बरे असेल ते तिथून घ्यायचे, टीव्हीसाठी सेकंदाला २५ फ्रेमच्या वेगाने पळवलेले चित्र पुन्हा २४ वर आणायचे म्हणजे गायिकेचा आवाज मूळ पट्टीत येतो, आणि मग एकेका फ्रेमवरची धूळ आणि चरे पुसत बसायचे. यात कमाई काही नाही. पण कृष्णधवल प्रिंट चांदी काढण्यासाठी भट्टीत गेल्या, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात स्थापन व्हायलाच १९६४ साल उजाडले, आणि तोवर बहुतेक मूकपट कायमचे नाहीसे झाले होते, हे एकदा कळले की घरात बसून का होईना, काहीतरी करावेसे वाटते. माझे कुटुंबीय याला खूळ म्हणतात. सध्या ते तसे मोठ्याने म्हणत नाहीत आणि ते जास्त लागते.

ज्या चित्रपटापायी मी फसले, तो १९५६ सालचा आहे. त्याचे नाव लिहिणार नाही, कारण त्याच नावाने पुढचे गिऱ्हाईक शोधले जाईल. त्याच्या उपलब्ध प्रतींपैकी एकीतही साडेतीन मिनिटांचे एक गाणे नाही. ते चित्रपटात होते, हे पडद्यावरच्या सेन्सॉर प्रमाणपत्रावरून सिद्ध होते. प्रमाणपत्रावर लांबी ११,३४० फूट आहे, ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट पळते, म्हणजे चित्रपट बरोबर १२६ मिनिटांचा. दोन वर्षांपूर्वी मी खपून तयार केलेली प्रत १२२ मिनिटे ३० सेकंदांची झाली. उरलेली साडेतीन मिनिटे म्हणजेच ते गाणे. ही माझी प्रत मी तेव्हा याच छंदातल्या सात-आठ जणांना विनामूल्य दिली होती. हे वाक्य लक्षात ठेवा.

तर असे गाणे शोधणाऱ्या बाईला एके दिवशी एका गृहस्थाचा मेसेज येतो, की आमच्या आजोबांची टुरिंग टॉकीज होती, माळ्यावर या चित्रपटाची १६ मिलिमीटरची प्रिंट तीन रिळांत आहे आणि तिच्यात ते गाणे शाबूत आहे. भाषा अदबशीर होती. ‘ताई, हे धन आमच्याकडे कुजण्यापेक्षा तुमच्यासारख्या जाणकाराच्या हाती लागावे,’ असे त्याने लिहिले होते. जाणकार म्हटले की माणूस निम्मा विकला जातो, हे मला आता कळते. सोबत गाण्यातल्या एका फ्रेमचे छायाचित्र होते. ते मी आता मोठे करून पाहिले तर त्यात छपाईचे ठिपके दिसतात, म्हणजे ते गाण्यांच्या पुस्तिकेतून उचललेले चित्र होते.

हिशेब असा. प्रिंट राखून ठेवण्यासाठी ८,००० रुपये. स्कॅनिंगचा माझा वाटा १४,७५० रुपये. रिळे रसायनाने धुण्यासाठी ३,२०० रुपये. चार टीबीच्या हार्ड डिस्कचे ६,७५० रुपये. कुरिअर आणि विमा १,१५० रुपये. आणि ‘गाण्याचे रीळ आखडले आहे, त्याला वेगळे यंत्र लागेल’ म्हणून शेवटचे ५,४०० रुपये. सहा हप्ते तीन वेगवेगळ्या नावांच्या खात्यांत गेले. एखाद्या कारकुनाने असे तीन नावांचे व्हाउचर माझ्या टेबलावर ठेवले असते तर मी त्याला दुपारपर्यंत उभा केला असता. इथे मात्र ‘वडिलांचे खाते’, ‘स्कॅनिंगवाल्याचे खाते’ हे खुलासे मला पटले.

धुण्याच्या ३,२०० रुपयांचा खुलासा तर ऐकण्यासारखा आहे. प्रिंट नायट्रेटची, म्हणजे झटकन पेट घेणाऱ्या जुन्या फिल्मची असल्यामुळे धोका जास्त, म्हणून दर जास्त, असे तो म्हणाला. १६ मिलिमीटरची फिल्म १९२३ साली बाजारात आली तीच मुळी घराघरांत वापरायची म्हणून पेट न घेणाऱ्या सेफ्टी फिल्मवर. ‘१६ मिलिमीटर नायट्रेट’ ऐकल्याबरोबर फोन ठेवायला हवा होता. मला हे माहीत होते. मी मनात म्हटले, बिचाऱ्याला तांत्रिक भाग कळत नसेल. फसणारा माणूस फसवणाऱ्याची वकिली किती हिरिरीने करतो, हे स्वतः अनुभवल्याशिवाय खरे वाटत नाही.

आता त्या डागाविषयी लिहिते, कारण रात्री झोप उडते ती पैशांमुळे नाही, त्या डागामुळे.

दुसरा हप्ता देण्याआधी मी नमुना मागितला, एवढी अक्कल मला होती. चाळीस सेकंदांची फीत आली. अंगणातला प्रसंग, आई जात्यावर बसली आहे आणि मुलगा दारातून येतो आहे. चित्र मोठे होते, रेषा धारदार होत्या, वर फिल्मचा दाणा, म्हणजे तिच्यातल्या कणांची बारीक खरखर दिसत होती. आईच्या गालावरच्या सुरकुत्या मात्र मेणासारख्या गुळगुळीत झाल्या होत्या, पण ‘धुतल्यामुळे’ असे त्याचे उत्तर तयार होते. आणि वर उजव्या कोपऱ्यात अंगठ्याएवढा एक पुसट, धुरकट चौकोन होता. मी ठरवले की ही बुरशी. नुसते ठरवले नाही, दोन रात्री जागून तो चौकोन कसा काढता येईल याचे प्रयोग केले आणि त्या गृहस्थाला अभिमानाने कळवले, की काळजी करू नका, बुरशीचा डाग मी काढीन. त्याने हात जोडल्याचे चित्र पाठवले.

फिल्मवर डाग कसा वागतो, हे या छंदातल्या कोणालाही सांगावे लागू नये. प्रत्येक फ्रेम हा फिल्मचा वेगळा तुकडा असतो, त्यामुळे एका फ्रेमवरची बुरशी पुढच्या फ्रेमवर दुसऱ्या आकाराची असते किंवा नसतेच. ती पडद्यावर वळवळते, थरथरते. शिवाय यंत्रातून जाताना फिल्म किंचित डुलते, त्यामुळे सगळे चित्रच केसभर हलत असते. माझ्यासमोरच्या ९६० फ्रेममध्ये आई हलत होती, जाते फिरत होते, भिंत डुलत होती आणि तो चौकोन एकाच जागी ठाण मांडून बसला होता. एकाच जागी बसते ते वाहिनीचे बोधचिन्ह. तो धुरकट चौकोन म्हणजे कोणीतरी बोधचिन्ह पुसल्याची खूण होती, आणि ते पुसणारी व्यक्ती कोण, हे मला तेव्हा सुचले नाही.

शेवटच्या हप्त्यापूर्वी त्याने ‘स्कॅन पूर्ण झाले’ म्हणून पडद्याचे छायाचित्र पाठवले. खाली लांबी दिसत होती, ०२:०२:३०. म्हणजे १२२ मिनिटे ३० सेकंद. हा आकडा माझ्या कपाटातल्या डिस्कवर माझ्याच हस्ताक्षरात लिहिलेला आहे. मी तो पाहिला, काहीतरी खटकले, आणि ‘गाण्याचे रीळ वेगळे स्कॅन होणार आहे ना’ अशी समजूत घालून ५,४०० रुपये पाठवून दिले.

डिस्क आली. तिच्यावर चार टीबी लिहिले होते आणि संगणकही चार टीबीच दाखवत होता. दोन-के (सुमारे दोन हजार ठिपके रुंदीच्या) स्कॅनची एक फ्रेम बारा-साडेबारा एमबीची धरली तरी १२६ मिनिटांच्या १,८१,४४० फ्रेम सव्वादोन टीबीच्या आसपास जातात, म्हणून मी समाधानाने प्रत उतरवायला लावली. ५८ जीबीनंतर सगळ्या फायली कोऱ्या निघाल्या. डिस्क उघडली तर आत एक मेमरी कार्ड आणि वजनासाठी चिकटवलेली लोखंडी पट्टी होती. अशा डिस्क खोटी क्षमता दाखवतात, त्या पूर्ण भरून पुन्हा वाचून पाहिल्याशिवाय पितळ उघडे पडत नाही. घेतल्या दिवशीच ती तपासणी करा.

ज्या थोड्या फ्रेम उघडल्या, त्या मी एकेक करून पाहिल्या. दोन वर्षांपूर्वी दुरुस्ती करताना एक फ्रेम इतकी फाटकी निघाली होती, की मी तिच्या जागी आधीच्या फ्रेमची नक्कल बसवली होती. हे मला आणि माझ्या वहीलाच ठाऊक होते. डिस्कवर त्याच ठिकाणी तीच फ्रेम दोनदा होती. माझीच प्रत संगणकाकडून फुगवून, तिच्यावर बनावट दाणा पसरून मला विकली होती. तो दाणाही दर ४८ फ्रेमनंतर जसाच्या तसा परत येत होता. आणि कोपऱ्यातला जो डाग पुसण्यासाठी मी दोन रात्री जागले, तो बोधचिन्ह झाकताना मीच केलेला होता.

यानंतर नऊ दिवस मी कोणालाही काही सांगितले नाही. ही माझी चूक आणि ती महागडी आहे. १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा फोन क्रमांक पैसे गेल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत उपयोगी पडतो, कारण तेवढ्यात रक्कम पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते. मी फोन केला तेव्हा तक्रार नोंदली गेली, पावती क्रमांक मिळाला, पण सहाच्या सहा रकमा केव्हाच पुढे गेल्या होत्या.

खरी तीर्थयात्रा पुढे सुरू झाली. जवळच्या पोलीस ठाण्यात सांगितले, हे सायबरचे काम. सायबरवाल्यांनी सांगितले, रक्कम लहान आहे, आधी ठाण्यात जा. ठाण्यात परत गेले तर साहेब बंदोबस्तावर. चौथ्या खेपेला साहेब भेटले आणि त्यांनी पहिला प्रश्न केला, ‘मॅडम, जुना पिक्चर नेटवर फुकट मिळतो, तुम्ही एवढे पैसे कशाला दिले?’ मी प्रिंट आणि स्कॅन समजावले. दुसरा प्रश्न, ‘हक्क तुमच्याकडे आहेत का?’ मी सांगितले, की १९५७ च्या कायद्याप्रमाणे चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षे असतो आणि या चित्रपटाचा २०१६ अखेर संपला. गाण्यांच्या शब्दांचे आणि चालींचे हक्क वेगळे, हेही मी प्रामाणिकपणे सांगितले आणि तिथेच फसले. ‘म्हणजे तुम्हीच म्हणता हक्क वेगळे,’ असे म्हणून त्यांनी पेन खाली ठेवले. फसवले गेलेली मी, आणि खुलासा देत उभी राहिलेलीही मीच.

मग ‘हा देवाणघेवाणीचा वाद आहे, दिवाणीत जा’ हे झाले. भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ फसवणुकीचेच आहे, हे मी कागदावर लिहून नेले होते. तो कागद त्यांनी उलटा करून त्यावर चहाचा पेला ठेवला. ‘आरोपी आमच्या हद्दीतला नाही’ हेही झाले. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असली तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते, आणि इलेक्ट्रॉनिक मार्गाने दिलेल्या माहितीवर तीन दिवसांत सही केली की तीही नोंदवावी लागते. हे म्हटल्यावर ‘मग ऑनलाइनच करा ना’ असे उत्तर मिळाले. शेवटी मी सांगितले, की त्याने माझीच प्रत मला विकली. तेव्हा शेजारच्या टेबलावरचे हवालदार पहिल्यांदाच सहानुभूतीने बोलले, ‘म्हणजे तुमचीच वस्तू तुम्हाला परत मिळाली. मग नुकसान काय झालं मॅडम?’

बँकेने दोन ओळींचे पत्र दिले, की सर्व व्यवहार ग्राहकाने स्वतः अधिकृत केलेले असल्यामुळे बँकेची जबाबदारी नाही. ते खरेच आहे. मात्र ज्या तीन खात्यांत पैसे गेले, ती कोणाची कागदपत्रे पाहून उघडली, या प्रश्नाला ‘गोपनीयते’चे उत्तर येते. माझे पैसे माझ्या खात्यातून जाताना गोपनीयता कुठे होती?

कोणी प्रिंट देऊ केली तर आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी रिळाशेजारी ठेवून चित्रण मागा, छायाचित्र नको. फिल्मच्या कडेला यंत्राचे दात अडकण्यासाठी असलेल्या भोकांसकट स्कॅनचा नमुना मागा. बोलपटाच्या १६ मिलिमीटरच्या प्रिंटला भोके एकाच बाजूला असतात आणि दुसऱ्या बाजूला ध्वनीची पट्टी असते, दोन्ही बाजूंना भोके दिसली तर तिथेच थांबा. नमुन्यात कोणते दृश्य हवे, ते तुम्ही सांगा, त्याला निवडू देऊ नका. मी गाण्यातली दहा सेकंदे मागितली असती तर सगळे ८,००० रुपयांवरच संपले असते. आणि आपण दुरुस्त केलेल्या प्रतीत आपल्यालाच ठाऊक असलेली एखादी खूण राहू द्या.

हे सगळे मी लिहिणार नव्हते. परवा दुसऱ्या गावातल्या एका ओळखीच्या छांदिष्टाने एक फीत पाठवली आणि विचारले, ‘अस्सल वाटते का?’ अंगण, जाते, दारातून येणारा मुलगा, वर उजव्या कोपऱ्यात माझा चौकोन. मी लगेच फोन लावला. ८,००० रुपये भरून त्याला चार तास झाले होते. बाकी सगळे नंतर सांगते, आधी १९३० लावा, एवढे बोलून मी फोन ठेवला.